आईच्या कपाटातले तीन दिवे

आईच्या कपाटात मी दिवे लावले ते गणपती होऊन गेल्यावर. त्याआधी महिनाभर ती म्हणत होती, "कपाटात फार अंधार झालाय रे. काही दिसत नाही." ते खरंही वाटत होतं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या इमारतीला खेटून नवा टॉवर उभा राहिला होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आईच्या खोलीत भर दुपारीही ट्यूब लावावी लागायची. तिचं लोखंडी कपाट कोपऱ्यात. उघडलं की त्याच्याच दाराची सावली आत.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, भिंत फोडून वायर ओढावी लागेल. मी मोबाइलवर शोधून बिनवायरचे दिवे मागवले. वीतभर लांबीच्या पट्ट्या, तीनचा संच. दोघांनी बाहेर डोसा खाल्ला तर बिल जास्त होईल, इतके स्वस्त. मागे लोहचुंबक, त्यामुळे फळीला खालून टेकवला की चिकटला. दार उघडून हात पुढे नेला की पेटतो, हात काढला की थोड्या वेळाने आपोआप विझतो. पंधरा-वीस दिवसांनी काढून मोबाइलच्या चार्जरला लावायचा, बस्स.

दिवे बसवायला साड्या बाहेर काढल्या होत्या, त्या परत ठेवताना मला उत्साह आला. दुकानात असतात तशा रंगांप्रमाणे लावल्या. पिवळ्या, केशरी, लाल, मग निळ्या, तपकिरी. आई पलंगावर बसून माझी बडबड ऐकत होती.

"कपाट कसलं, सोनाराचं दुकान केलंस," ती म्हणाली. हसली. पुढे येऊन आत डोकावली मात्र नाही.

मी फोटो काढून नाशिकला धाकट्या बहिणीला पाठवला. तिचा लगेच फोन.

"दादा, झकास दिसतंय. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंस का?"

"अगं, मोतीबिंदू असणार. पिकू दे, मग काढू."

"असं कोण म्हणालं?"

"आजोबांचं नाही का तसंच केलं?"

मोतीबिंदू पिकल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. कुणा डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. आणि आईला मोतीबिंदूच आहे, हेही कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्हीच ठरवलं होतं. मी ठरवलं होतं.

दिवाळीच्या थोडं आधी खालच्या मजल्यावरचे काका गेले. आई भेटायला निघाली. मी तिच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. तिने कपाट उघडलं, तिन्ही दिवे पेटले. पांढरा लख्ख उजेड. आणि आई साड्यांकडे बघतच नव्हती. डोळे समोरच्या भिंतीवर ठेवून ती बोटांनी घड्या मोजत होती. एक, दोन, तीन, चार. चौथी ओढली. चौथी म्हणजे तपकिरी सुती साडी, दुःखाच्या घरी जाताना नेसायची. पण ते मी आवरण्याआधी. आता त्या जागी तशाच पोताची, गर्द लाल साडी होती.

मला तेव्हाच कळलं. हे लिहिताना आधी "शंका आली" असं लिहिलं होतं, ते खोडलं. कळलं. कपाटात अंधार नव्हता, आणि इतके महिने आई नजरेने नाही, जागेच्या आठवणीवर चालत होती. ती सोय मी एका दुपारीत मोडून टाकली होती.

ती साडी नेसून बाहेर आली. "आई, ही लाल आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. मी वाकून चपला शोधत राहिलो.

खाली शेजारीण हळूच म्हणाली, "मावशी, आज लाल?"

आईचा हात निऱ्यांवर गेला. कापड तिने बोटांत चोळून पाहिलं. मग म्हणाली, "घाईत हाताला आली ती नेसले. माणूस गेलाय गं, साडी कसली बघतेस?"

जिना चढताना तिने कठडा घट्ट धरला होता. "तू बघितलं नाहीस होय रे?"

"माझं लक्ष नव्हतं."

वडील साध्या तपासणीला म्हणून हॉस्पिटलात गेले आणि परत आले नाहीत, म्हणून आईला डॉक्टरकडे न्यायला मी घाबरलो होतो, असं मी लोकांना सांगतो. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की मला रजा, रांगा, तपासण्या, तिचा हात धरून फिरणं, हे सगळं नको होतं. मी एकटा माणूस, ऑफिस आणि घर असं सुरळीत बसलेलं. शिवाय दिवे लावले होते ना. मी काहीतरी केलंय, हे कपाट उघडल्या उघडल्या दिसत होतं. दर पंधरवड्याला मी ते इमानदारीत चार्ज करायचो.

तोवर जेवतानाही दिसायला लागलं होतं. आई ताटातलं डावीकडचं काही खायची नाही. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहायची. "आज कोशिंबीर नाही केलीस?" असं एकदा तिने विचारलं, आणि कोशिंबीर समोर होती. मी काय केलं? दुसऱ्या दिवसापासून कोशिंबीर गुपचूप उजवीकडे, भाजीशेजारी वाढायला लागलो. ती खायची. 

होळीला बहीण आली. ताटं मी घेतली. तिने आईच्या ताटाकडे पाहिलं.

"दादा, कोशिंबीर उजवीकडे?"

"चुकून."

"आणि चटणीपण? चुकून?" तिने उठून वाटी उचलली, डावीकडे ठेवली आणि बघत बसली. आईचा हात वाटीपर्यंत गेलाच नाही. बहिणीने जेवण टाकलं. "कधीपासून चाललंय हे?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

दोन दिवसांनी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर होतो. डोळ्यांतला दाब मोजून झाला होता, नजर किती बाजूंना पोचते ते यंत्रावर पाहून झालं होतं. बाईंनी दोन गोल छापलेला कागद पुढे सरकवला. डाव्या डोळ्याच्या गोलात जवळपास सगळं काळं. उजव्याच्या गोलातही नाकाकडची बाजू काळी.

"दाब खूप आहे. काचबिंदू वाटतोय. कधीपासून कमी दिसतंय, आजी?"

 आईने मान माझ्या दिशेने वळवली.

"महिना झाला असेल," मी म्हणालो.

"हो," आई म्हणाली. "तेवढंच."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "महिन्यात एवढं? काचबिंदू असा धावत नाही. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू, आणि इतक्या झटकन... मग मला मेंदूचा फोटो लागेल. आजच करून घ्या. तिथे काही निघालं तर दिशाच वेगळी."

चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर आलो. बहीण चौकशीला खिडकीवर गेली. आई बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"डोक्याचा कशाला रे? डोक्यात काय झालंय?"

"काही नाही गं."

"तुझ्या बाबांचापण फोटोच काढणार होते." तिचा आवाज बारीक झाला होता. "मला त्या नळकांड्यात नको घालू."

ती अजूनही म्हणत नव्हती, की तू खोटं बोललास. इतकी घाबरूनही माझं खोटं झाकायला ती त्या यंत्रात जायला तयार होती. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि नंबर नसताना आत घुसलो. मागून बहीणही आली.

"डॉक्टर, मी खोटं सांगितलं. महिना नाही. दिवाळीच्या आधीपासून मला माहीत आहे. त्याआधीही असणार. हळूहळू गेलंय."

बाईंनी पेन ठेवलं. "माहीत होतं म्हणजे?"

मग मी सांगितलं. साडी, घड्या मोजणं, कोशिंबीर. सांगताना बहिणीकडे बघितलं नाही.

"मीही लपवलंच की," आई मध्येच म्हणाली. "त्याला एकट्याला बोलू नका."

"बोलून काय होणार, आजी?" बाई चिठ्ठी परत घेत म्हणाल्या. "फोटोची आज घाई नको. पण गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू असता तर आली असती. हा काचबिंदू, पिकायची वाट बघत नाही. उजव्यातलं उरलंय तेवढं राखायचं. थेंब आजपासून, रोज, एकही वेळ चुकवायची नाही."

 बहीण संध्याकाळीच नाशिकला गेली. अजून फोन थेट आईला करते.

घरी आल्यावर आई म्हणाली, "डॉक्टरांसमोर तुझी बाजू घेतली. घरात घेणार नाही. मी घाबरले, कारण आंधळी मी होणार होते. तू कशाला घाबरलास?"

 मी थेंबांची बाटली उघडली. तिने मान मागे टाकली आणि डोळे छताकडे उघडे ठेवले.  पहिला थेंब गालावर गेला.

"गालाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "नीट बघून टाक."