तुयेला जेवायचं होतं

थंडी पडली की आम्हा तिघा मित्रांना नदीकाठानं चालायची हुक्की येते. आमची थंडी ती काय, ऊन वर येईपर्यंतची; पण तेवढ्यासाठी मी कानटोपी घालतो आणि आमच्यातला गडहिंग्लजचा मित्र मला दरवर्षी हसतो. तो तुये गावातल्या कारखान्यात फिटर आहे. दुसरा मांद्रेकर, घरातल्या खोल्या पर्यटकांना भाड्यानं देणारा. मी पेडण्यातल्या एका कचेरीत कारकून. एखाद्या रविवारी शापोरा नदीच्या काठानं चालायचं आणि दुपारी कुणाच्या तरी घरी जेवायचं, हा आमचा शिरस्ता. ते घर नेहमी माझं, नाहीतर मांद्रेकराचं. फिटरची चाळीतली एक खोली, बायको-मुलं गावी. त्याला कशाला त्रास द्यायचा, असं आम्ही म्हणायचो, आणि असं म्हणण्यात आपण किती समजूतदार, असंही आम्हाला वाटायचं.

यंदा त्यानं आधीच जाहीर करून टाकलं की जेवण माझ्याकडे, तुयेला. नाही म्हणायची सोय ठेवली नाही. तेव्हा मी आणि मांद्रेकरानं गुपचूप ठरवलं की वाटेतच भरपेट खाऊन घ्यायचं, म्हणजे बिचाऱ्याला आमच्यासाठी रांधत बसावं लागणार नाही. खाण्याच्या बाबतीत आमचे बेत कधी फसत नाहीत.

चोपड्याला पातळभाजी आणि गरम उंडे पाव झाले. मांद्रेकरानं तर वर दोन मिरच्यांची भजी घेतली, केवळ मित्राच्या काळजीपोटी. फिटरनं अर्धा कप चहा घेतला. पुढे बांधावरून चालताना नदीवर धुकं होतं, पाण्यात बायका वाकून खुबे-शिंपल्या काढत होत्या, आणि मांद्रेकर रशियन पाहुण्यांच्या गमती इतक्या मोठ्यानं सांगत होता की बगळे उडाले. मला इतकं बरं वाटत होतं की मी कानटोपी काढून खिशात घातली.

आगरवाड्याला मिठागरांत चिखल तुडवून वाफे तयार करणं चाललं होतं. तिथून जवळच माझी मावशी राहते. तिच्या दारावरून न जेवता पुढे जाणं म्हणजे वर्षभराचा रुसवा. तिनं घावनासारखे पोळे आणि चवळीसारख्या आळसांद्यांचं रस्सेदार तोणाक पुढे ठेवलं. मी फिटरच्या ताटात आग्रहानं वाढायला गेलो, तर त्यानं माझा हात धरला.

"पोटात जागा ठेवा रं," तो म्हणाला.

आम्ही हसलो. तो मात्र अंगणात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलत राहिला. मांद्रेकर माझ्या कानात म्हणाला की हॉटेलातून डबा मागवत असणार, चला, बरंच झालं. मग आम्ही निश्चिंत मनानं आणखी एकेक पोळा घेतला. त्यानंतर फिटर असा झपाझप चालू लागला की आमची पोटं सावरता सावरता पुरेवाट झाली.

तुयेला पोचलो तर चाळीच्या तोंडाशीच मटणाच्या रश्श्याचा वास. दारात धुतलेल्या पायरीवर रांगोळी. आत जमिनीवर तीन पाटांपुढे केळीची पानं, आणि स्टोव्हपाशी घामेजलेल्या वहिनी. त्या आमच्यासाठी आदल्या दिवशी गावाहून आल्या होत्या, घरचा मसाला आणि अर्ध्या चाळीची भांडी गोळा करून पहाटेपासून रांधत होत्या. फिटरनं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. आम्हाला चकित करायचं होतं म्हणे.

मांद्रेकराचं तोंड मात्र आधी चाललं. ठरलेलं वाक्य त्यानं म्हणूनच टाकलं. "वयनी, आमी वाटेर पोटभर खाल्लां. तुमी त्रास घेव नकात."

वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. फिटरनं चप्पल काढली, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, "इतकी वर्सं तुमच्या घरी जेवतोय. आमच्या घरात बी कोण तरी जेवाय येतंय, हे एकदा हिला बघू दे."

मला इतकं ओशाळं वाटलं की मी सरळ पाटावर बसलो. मांद्रेकर पट्टा सैल करून माझ्या शेजारी बसला. वहिनींनी तांबडा वाढला, पांढरा वाढला, भाकरी वाढली. पहिल्या दोन घासांना छाती दडपली. पण रस्सा असा होता की पोटानं कुठून तरी जागा काढली. वहिनी हळूहळू हसायला लागल्या आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं. शेवटी मांद्रेकरानं दोन्ही हात पानावर आडवे धरले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतला बेळगावकडचा गवंडी दारातून डोकावला आणि विचारू लागला, "गावाकडची माणसं आलीत व्हय?"

"व्हय," फिटर भात वाढता वाढता म्हणाला. "आमचीच हायत."

मांद्रेकरानं पानावरचे हात काढून घेतले.