चकचकीत बोल्ट तुटला तेव्हा

मंगळवारी सकाळी वर्ध्याला आमच्या वर्कशॉपमध्ये अल्लीपूरचे नामदेवकाका आले. आम्ही लोखंडी नट-बोल्ट गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर जस्ताचा थर चढवून देतो... झिंक प्लेटिंग.

काकांनी रुमाल सोडला. आत एका बोल्टचे दोन तुकडे. हरभरा काढताना मळणी यंत्राचा हा बोल्ट तुटला आणि लोखंडी झाकण उडून काकूंच्या कानाजवळून गेलं.

"पोरी, गंज तं कुठीच नाई. मंग तुटला काऊन?"

उत्तर मला ठाऊक होतं. कडक पोलादाचे बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच काही तास भट्टीत तापवावे लागतात. नाहीतर प्लेटिंग करताना आत शिरलेला हायड्रोजन त्यांना ठिसूळ करतो... वरची चमक मात्र तशीच राहते.

एका दुकानदाराने हे बोल्ट प्लेटिंगला दिले त्या आठवड्यात मी माहेरी सिंदीला गेले होते. काम दिराकडे, प्रशांतकडे होतं. त्याने भट्टी लावलीच नव्हती.

"वहिनी, दुकानवाला घाई करून राह्यला होता. अन् माल तं मस्त चमकून राह्यला होता!"

चमकून! काकांसमोरच मी त्याच्यावर ओरडले. राग स्वतःचाही होता... 'भट्टीत टाक' एवढंच मी सांगत आले, का टाकायचं ते कधी सांगितलं नाही.

त्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, गाजावाजा नका करू, नाव खराब होईल. मी फोन कापला.

काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "मी भांडाले नाई आलो. गावात अजून तीन मशीनले हेच बोल्ट हायेत. ते आजच काढून घ्या."

तसेच निघालो. तिसऱ्या मशीनवर प्रशांतने पाना लावला, आणि बोल्टचं डोकं तुटून त्याच्या हातात आलं. ते मशीन दुपारी सुरू होणार होतं.

आमच्याकडून प्लेटिंग झालेले कडक बोल्ट हल्ली कोणी मशीनला लावले असतील तर मशीन बंद ठेवा आणि मला कळवा. बदलून द्यायला मी स्वतः येईन. नाव खराब झालं तर होऊ दे.

नामदेवकाका, तुम्ही माझ्या दारात भांडला असतात तरी तो तुमचा हक्क होता. तुम्ही आधी शेजाऱ्यांचा विचार केलात... हे मी विसरणार नाही.