फोटोच्या पाठीवर

ही वही चुकून कुणाच्या हाती पडलीच, तर आधीच सांगते: माझ्या ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नका, आणि अक्षराकडे तर मुळीच बघू नका. मी चौथी इयत्ता शिकले, तीही बडोद्याच्या महाराजांच्या राज्यात मुलीला शाळेत धाडले नाही तर बापाला दंड होई म्हणून. दंडाची भीती संपली त्या दिवशी माझी शाळाही संपली. चारचौघांत मला आजही बोलता येत नाही. दारात पाहुणा आला की मी आधी स्वयंपाकघरात पळते आणि पदर तिथे जाऊन सावरते. अशा बाईने कुणाविषयी लिहायला बसावे हे हसण्यासारखेच आहे. पण काकींविषयी दुसरे कुणी लिहिणार नाही. बाकी सगळे त्यांना भीत. भीत मीही होते, पण मी त्यांची कारकून होते.

काकी म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. दांडिया बाजारात आमच्या शेजारच्याच बिऱ्हाडात राहत. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, आणि फोटो या वस्तूवर त्यांच्याइतका जीव अख्ख्या बडोद्यात कुणाचा नसेल, खुद्द रावपुऱ्यातल्या फोटोवाल्याचाही नसेल. लग्न असो, मुंज असो, बढती मिळाली म्हणून कुणी फेटा बांधून खुर्चीत बसलेला असो, त्या फोटोची एक प्रत आपल्याकडे आलीच पाहिजे असा त्यांचा कायदा होता. लग्नघरी मानाचे लुगडे पुढे केले की ते बाजूला सारून म्हणत, "लुगडं फाटतं. मला फोटो दे." यजमानांनी हसण्यावारी नेले तर काकी पानावरून उठतच नसत, आणि फोटोचे वचन मिळेपर्यंत पुढची पंगत खोळंबून राही. पादरा गावच्या एका लग्नात अशी शंभर माणसे भुकेली उभी राहिली. काकी ढिम्म बसलेल्या आणि शेजारी मी. उठवत नव्हते आणि बसवतही नव्हते, तेव्हा घाबरून मी आणखी चार जिलब्या खाल्ल्या. लोकांनी पुढे कितीतरी दिवस ती गोष्ट सांगितली, पण काकींच्या हट्टाची नव्हे, माझ्या जिलब्यांची.

असे जमलेले दोनशेवर फोटो एका पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले असत. गठ्ठे तीन. पहिल्यात अडचणीला धावून येणारे, दुसऱ्यात जेवणवेळेला धावून येणारे, आणि तिसऱ्यात अजून कळायचे आहेत ते. पुष्कळ माणसांच्या फोटोची पंचाईत होई. तो मधल्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या लायकीप्रमाणे ठेवला जाई, आणि मागे उभ्या असलेल्या बिचाऱ्यांचे नशीब त्याच्याबरोबर. कुणाची काही बातमी आली की फोटो या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात. आमचे करजणचे भाऊजी एका महिन्यात तीनदा हलले. पुढच्या खेपेला ते ताज्या तुवेरीच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगांचे पोते घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाले, "वहिनी, सध्या मी कुठं आहे?" मी नुसती दोन बोटे दाखवली. भाऊजींनी सुस्कारा सोडला आणि टांग्यातून दुसरे पोते काढले.

पावसाळा संपला की फोटोंना ऊन दाखवायचे. गच्चीवर एका बाजेवर पापड आणि दुसऱ्या बाजेवर नातेवाईक, राखण मला. एका वर्षी कावळ्याने पापड सोडून माझ्या यजमानांचा मुंजीतला फोटो उचलला. मोठ्याने ओरडले असते तर टाकलाही असता त्याने, पण शेजारच्या गच्चीवर पुरुषमाणसे उभी होती. मी आपली हातातली काठी हलवत अगदी हलक्या आवाजात "हुश्श, हुश्श" करत राहिले. कावळ्याला ते निरोप देणेच वाटले असावे. काकींनी मला दोन दिवस "कावळ्याची मैत्रीण" म्हणून हाका मारल्या.

मग काकींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. त्यांनी पेटी माझ्यापुढे आणून ठेवली. म्हणाल्या, "हे बघ पोरी, ही सगळी माणसं कोण ते एकट्या मला ठाऊक. माझे डोळे गेले की हे नुसते पुठ्ठे. डोळे आहेत तोवर मी ओळखते, तू पाठीवर लिही." असे आमचे काम सुरू झाले. रोज दुपारी भांडी आवरली की काकी फोटो नाकाशी नेऊन न्याहाळत आणि सांगत, मी बोरूने लिही. पण काकींना नुसते नाव सांगून चैन पडत नसे. "लिही. हा माझा मावसभाऊ. लग्नात जिलबी संपली म्हणून रुसला. पुढे मोठा अंमलदार झाला, पण तोंड तेच." किंवा, "ही थोरली नणंद. माझी पितळी परात घेऊन गेली ती गेलीच."

आता इथे माझा गुन्हा सांगते. लिहिणार मी, अक्षर माझे, म्हणजे भांडण माझ्याच दारात येणार. नणंदबाई अजून हयात होत्या आणि महिन्यातून एकदा येत होत्या. म्हणून मी लिही, "मावसभाऊ. अंमलदार. स्वभाव मानी." आणि नणंदेच्या पाठीवर, "थोरल्या नणंदबाई. घरोबा फार." लिहून झाले की काकी म्हणत, "वाच." मी कागदाकडे बघत काकींचे बोलणे जसेच्या तसे म्हणून दाखवी. त्यात एक शब्द चुकला तरी त्या पकडत. त्यामुळे रात्री अंथरुणावर पडल्यावरही माझ्या डोक्यात परात आणि जिलब्या घोळत असत. भित्र्या माणसाला पाठांतर फार करावे लागते.

दोन वर्षांत पेटी लिहून संपली. मग काकी डोळे दाखवायला इस्पितळात गेल्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय, कापून बघू, पण भरवसा देत नाही. काकींना डोळ्यांवर पट्ट्या बांधून पंधरा दिवस निजवून ठेवले. तेवढ्यात मला शहाणपण सुचले. काकी घरी येतील तेव्हा सगळे फोटो नीट एका जागी लावलेले असावेत! मी यजमानांकडून मांडवीच्या बाजारातून लाल कापडी बांधणीचा जाडजूड चोपडा आणवला, व्यापारी ठेवतात तसा. कणकेची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातला, आणि दोनशे फोटो एकेक करून पाना-पानावर असे चिकटवले की कोपरा म्हणून सुटू नये. वरून पाटा-वरवंटा ठेवला. उभ्या आयुष्यात एवढे चोख काम मी कधी केले नव्हते.

पट्ट्या निघाल्या. काकींना उजेड आणि हलणाऱ्या सावल्या कळू लागल्या, त्यापुढे काही नाही. त्या घरी आल्या, मी चोपडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कापडावरून हात फिरवला, पाने चाचपली, खूश झाल्या. "ग्रंथ केलास गं! वाच बघू पहिला." मग त्यांची बोटे फोटोच्या कडेला गेली आणि तिथेच थांबली.

"सूनबाई, याची पाठ कुठाय?"

मी पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागले.

"पाठ कुठाय म्हणते मी."

"चोपड्याला चिकटलीय," मी म्हणाले.

काकी रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी चोपडा मिटला आणि तीन दिवस त्याला हात लावला नाही. मी रावपुऱ्यातल्या फोटोवाल्या भाईंना बोलावणे धाडले, आणि ते येईपर्यंत धीर न धरवून एक फोटो ओल्या फडक्याने सोडवायला गेले. आमच्या घरमालकांचा होता. पाठ सुटली नाही, पण मिशी फडक्यावर आली. भाई आले, बिनमिशांचे घरमालक बघून कपाळाला हात लावून म्हणाले, "बेन, बीजा पलाळशो नहीं. मोढुं जतुं रहेशे." बाकीचे भिजवले तर चेहरे जातील.

चौथ्या दिवशी दुपारी मी भांडी आवरून काकींपुढे जाऊन बसले आणि चोपडा उघडला. "पहिल्या पानावर फेटेवाले आहेत, गाल फुगलेले," मी म्हणाले. "हा माझा मावसभाऊ. लग्नात जिलबी संपली म्हणून रुसला. पुढे मोठा अंमलदार झाला, पण तोंड तेच." काकींनी मान वर केली. मी पान उलटले. परात सांगितली. पुढचे सांगितले. संध्याकाळपर्यंत मी इतके बोलले की तेवढे लग्नापासून बोलले नसेन.

"तुला गं कसं एवढं पाठ?" काकींनी विचारले. तेव्हा मला सगळे कबूल करावे लागले. घरोबा फार, स्वभाव मानी, सगळे. काकी ऐकत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्हणजे खोटं होतं तेवढंच चिकटलं!" त्या म्हणाल्या. "चल, आता प्रत्येकाच्या खाली लिही. खरं ते लिही. परात गाळायची नाही." मी लिहिले. नणंदबाईंनी पुढे ते वाचले आणि आमच्याकडचे येणे बंद केले. मी जिवंत राहिले, याचे मला अजून नवल वाटते.

शेवटच्या पानांत एक फोटो निघाला आणि मी अडले. आठ-नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, परकर, फोटो घेतानाच डोळे मिटलेले. काकींनी काय सांगितले होते ते काही केल्या आठवेना. काहीतरी जुळवून सांगावे असे मनात आले, तो माझा जुनाच धंदा. पण म्हणाले, "काकी, ही आठवत नाही."

"कशी दिसते?"

मी सांगितले. काकींनी पुष्कळ वेळ विचार केला. चार-पाच नावे घेतली आणि आपणच खोडली. "मेल्या वेण्या सगळ्याच घालायच्या," म्हणाल्या. त्यांनाही आठवेना. ती एकटीच अशी राहिली, आणि ते माझ्यामुळे.

मी म्हणाले, "फडकं ओलं करून बघू का? नाव तरी मिळेल."

"आणि चेहरा?"

"तो जाईल."

काकींनी हात लांब करून तो फोटो चाचपला. त्यांच्या बोटांना त्यात काय लागणार, गुळगुळीत कागदच. "नको," त्या म्हणाल्या. "मला काही दिसत नाही, पण तुम्हाला दिसतेय ना ती? राहू दे. आणि पाठीवर तू काय लिहिलं असशील, देव जाणे."

"मग खाली काय लिहू?"

"लिही, आपल्याकडची."

काकी गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. मुले चोपडा काढून बसतात, मावसभावाला आणि परातीला हसतात, आणि शेवटच्या पानाशी आली की कधीकधी विचारतात, "ही कोण गं?" मी हातातले काम ठेवून जवळ जाते. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या पोरीकडे दर वेळी नव्याने बघते, न जाणो, आज आठवेल म्हणून. मग काकींनी सांगितले तेच सांगते.