सातव्या होलचा तलाव

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारी तीन. हजर: मी, नवरा, माझा मोठा भाऊ आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून बोलणारे पुण्याचे एक गृहस्थ. भाऊ चांदवडकडच्या आमच्या गावाहून दाढ भरून घ्यायला नाशिकला आला होता आणि अर्धा जबडा बधिर घेऊन सोफ्यावर बसला होता. पुण्याच्या गृहस्थांना मी कधी पाहिलेलं नाही. विषय आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवला होता: सातव्या होलचं पाणी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, पन्नाशीला टेकले आहे, आणि गोल्फची काठी आजवर हातात धरलेली नाही. पण कॉम्प्युटरवरच्या गोल्फच्या गेममध्ये आपलं मैदान आपण बनवायची सोय असते. त्याला एडिटर म्हणतात. त्यात जमीन उचलायची, खोदायची, गवत पसरायचं, पाणी सोडायचं. तीन वर्षं माझे रविवार त्यात जातात. या वयात बायका भजनी मंडळात जातात, असं नवरा अधूनमधून सुचवतो. मी त्याला मंडळात जायला सांगते.

हा गेम खेळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. सभासदांनी बनवलेल्या मैदानांतलं एक निवडून त्यावर ते वर्षातून एकदा स्पर्धा घेतात. यंदा माझं मैदान शेवटच्या फेरीत होतं. अठरापैकी सतरा होल, म्हणजे मैदानाचे टप्पे, पास झाले होते, सातवा अडकला होता. पुण्याचे गृहस्थ तपासनीस, आणि संध्याकाळी सहाला यादी बंद होणार होती.

"मॅडम, पाणी निळं करा आणि काठापर्यंत भरा," ते म्हणाले. "एवढंच. पाच मिनिटांचं काम."

"का?"

"का म्हणजे? ते बघवत नाही. हे गोल्फ कोर्स आहे, रोजगार हमीचं काम नाही."

"हमीचं कामसुद्धा मोजून घेतात," मी म्हटलं. "तुम्ही मोजा. चुकलं असेल तिथे बोट ठेवा."

एडिटरमध्ये तयार मिळणारं पाणी निळंशार असतं. काठोकाठ भरलेलं, कडेला गोल पांढरे दगड. तसं पाणी मी फक्त गंगापूर रोडच्या लग्नाच्या लॉन्सवर कारंज्यात पाहिलं आहे. मी सातव्या होलला केला होता तो आमच्या गावचा पाझर तलाव. उताराच्या बाजूला मातीचा बांध, बांधाच्या आतल्या अंगाला दगड लावलेले. फेब्रुवारी म्हणून पाणी बरंच उतरलेलं, रंग शेवाळी, मध्यभागी चहासारखा. आणि काठ ते पाणी या मधल्या पट्ट्यात गाळ. वर भेगाळलेला, खाली ओलसर, पाण्याजवळ नुसता चिखल. त्यात म्हशींच्या खुरांचे ठसे. सगळ्यात बारीक ब्रशने एकेक ठसा दाबायला दोन रविवार गेले होते.

हे हौसेपोटी केलेलं नव्हतं. चेंडू पाण्यात गेला की एका फटक्याचा दंड बसतो. पण गाळात थांबला तर तिथूनच मारायची मुभा असते. मारायचं की निमूट दंड घ्यायचा, हा सगळा खेळ त्या पट्ट्यात होता. पाणी काठापर्यंत भरलं की खेळ संपला.

हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी खऱ्या मैदानांवर खेळलोय, मॅडम."

"आणि मी खऱ्या तलावात उतरलेय. तुम्ही एकदा खेळून बघा, मग बोला."

नवऱ्याने माझ्याकडे बघून हात खाली दाबल्यासारखा केला, म्हणजे जरा दमानं घे. मी घेतलं नाही.

ते खेळले. आम्हाला पडद्यावर दिसत होतं. पहिला चेंडू सरळ पाण्यात. दुसरा बांधाच्या दगडावर आपटून उडाला आणि गाळात, खुराच्या खड्ड्यात बसला. त्यांनी तिथून मारला. चेंडू वीतभर सरकून दुसऱ्या खुरात गेला. स्पीकरमधून एक शब्द आला, तो लिहिण्यासारखा नाही. मग, "थांबा, परत एकदा." मग, "अजून एकदा." चौथ्या वेळी चेंडू सुटून ग्रीनवर, म्हणजे शेवटच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, पडला आणि गृहस्थ लहान मुलासारखे ओरडले.

"राहू दे गाळ," ते शेवटी म्हणाले. "रंगही राहू दे. पास करतो."

साडेचार वाजले होते. मी वहीत बरोबरची खूण करायला पेन उचललं, आणि इतका वेळ गप्प बसलेला दादा बधिर तोंडाने बोलला.

"बाई, सांडवा कुठं हाय?"

"काय?"

"तळं भरल्यावर जादाचं पाणी कुठून जाईन? बांधाला सांडवाच नाय."

"दादा, हा गेम आहे. यात पाऊस पडत नाही."

"मंग बांध कशाला घातला?"

नवरा हसला. मला हसू आलं नाही. आमच्या गावात मृगाच्या आधी घरटी एक माणूस सांडवा साफ करायला जायचा. सांडवा म्हणजे बांधाच्या कडेची दगडी वाट, जास्तीचं पाणी सोडून देणारी. ती बुजली तर तलाव बांधावरून वाहतो आणि बांध जातो. एका वर्षी वडील आजारी होते आणि दादा शिकायला बाहेर, म्हणून आमच्या घरचा माणूस म्हणून मी गेले होते. चौदा वर्षांची, हातात विळा. मैदानासाठी वहीत केलेल्या माझ्या कामांच्या यादीत सत्तावीस नोंदी होत्या, म्हशीच्या खुरापर्यंत सगळं. सांडवा नव्हता.

"मॅडम, पाठवताय ना?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही. दोष आहे."

"कुठला? मला तर दिसला नाही."

"तुम्हाला दिसणार नाही. मला दिसला."

"अहो, कुणाला कळणारसुद्धा नाही! सहाला यादी बंद होते."

"होऊ दे. पाणी निळं करून पाठवायचं नव्हतं, तसं हेही पाठवायचं नाही. पुढच्या वर्षी पाठवीन. गाळासकट."

ते बराच वेळ समजावत राहिले. मग म्हणाले, "हट्टी आहात." मी म्हटलं, आहे. नवऱ्याने चहा टाकला. दादाला गरम प्यायला बंदी होती, त्याला ताक दिलं, आणि दोघं बहीणभाऊ कॉम्प्युटरसमोर बसलो. त्याने पडद्यावर बोट टेकवून जागा दाखवली, बांधाच्या डाव्या टोकाला, जमीन कठीण असते तिथे. सहापर्यंत मी सांडवा कोरला, दगड बसवले, खाली चर काढत नेला.

चर आठव्या होलच्या ग्रीनपाशी येऊन थांबला आहे. पाण्याची वाट नेमकी तिथूनच जाते, त्यामुळे हलायचं ते ग्रीनला. वहीत अठ्ठाविसावी नोंद केली आहे: आठव्याचं ग्रीन उजवीकडे सरकवणे. तिच्यापुढे अजून खूण नाही.