पाण्यावरचं जनावर

सुपडूच्या घरी सापाला साप म्हणत नसत, जनावर म्हणत; तो चावला तर पान लागलं म्हणत. रावेरकडच्या केळीच्या बागेत पाणी भरताना त्याच्या बापाला पान लागलं आणि लोकांनी त्याला बांधापर्यंत आणेतो तो संपला होता. सुपडू तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्याआधीची दोन मुलं जगली नव्हती, म्हणून आईने जन्मल्याबरोबर याला सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं होतं. इतकं करून वाचवलेला जीव बागेत पाय टाकीना. आईही पाठवीना. भुसावळला जाऊन तो मोटार चालवायला शिकला. मोटारीत बसलं की जमीन हातभर खाली राहते, एवढंच त्याला त्या धंद्यातलं आवडत होतं.

सहासष्टच्या थंडीत जळगावच्या रिखबचंद शेठनी नवी अँबॅसिडर घेतली आणि सुपडूला गाडीवर ठेवून, बायकोला, चंदनबाईंना, घेऊन मांडूकडे निघाले. घाई नव्हती. शेठच्या गळ्यात दुर्बीण होती आणि मनात वाघ. मोर दिसला की गाडी थांबे, नीलगाय दिसली की थांबे. धुळ्यापासून शिरपूरला यायला त्यांनी दोन दिवस लावले. शिरपुरात कुणीतरी सांगितलं की डोंगराकडच्या नाल्यावर संध्याकाळी जंगल पाण्याला उतरतं. आग्रा रोड सोडून गाडी कच्च्या वाटेला लागली.

"अहो, ऊन उतरलं," चंदनबाई मागून म्हणाल्या. "माझं एकासणं आहे. दिवस असेतो बसायला हवं."

दिवसातून एकदाच आणि एकाच बैठकीत जेवायचं, असा त्यांचा नेम होता. बैठकीवरून उठलं की जेवण संपलं, मग ताटात काहीही राहो. शेठच्या मोर-नीलगायींपायी आज त्या सकाळपासून तशाच होत्या.

नाल्यावर गाडी उभी राहिली. शेठ दुर्बीण घेऊन वरच्या अंगाला गेले. जाताना म्हणाले, "सुपडू, बाईंना सांभाळ. आणि खाली काय बघतोस सारखा? वाघ काही बिळातून येत नाही!"

चंदनबाई आंब्याखाली आसन टाकत होत्या, तेवढ्यात गवताचा भारा घेतलेला डोंगरातला एक पावरा आदिवासी म्हातारा वाटेने आला आणि थबकला.

"आठे बसू नका भाऊ. दिन बुडना का पानीवर जनावर येस."

सुपडूने आधी पायाखाली बघितलं. "मोठं हाये का?"

"बहू मोठं शे," म्हातारा म्हणाला आणि मागे न बघता झपाझप निघून गेला.

सुपडूने आसन उचललं. "बाई, इथं गवत हाये. तिकडं बसा, खडकावर." नाल्याच्या मधोमध एक रुंद काळा खडक होता, मोकळा, उघडा. साप असता तर लांबूनच दिसला असता. बाई तिथे बसल्या, डबा उघडला, डोळे मिटून हात जोडले आणि जेवायला लागल्या. सुपडू गाडी फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल घेऊन काठचं गवत झोडपू लागला. त्याची नजर जमिनीवरून हलत नव्हती.

म्हणूनच ओल्या वाळूतला पंजाचा ठसा त्याला दिसला. ताटलीएवढा. त्यात पाणी अजून झिरपत होतं.

त्याच्या हातातलं हँडल जड झालं. त्याच्या गावचं जनावर सरपटत होतं. या डोंगरातलं चार पायांवर चालत होतं. आणि ज्या बाईला गाडीत बसवायचं, तिला त्याने स्वतःच्या हाताने उघड्यावर नेऊन बसवलं होतं. ओरडावं तर बाई पळतील, आणि पळणाऱ्याच्या मागे ते लागतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

गवताकडेच तोंड ठेवून तो पाण्यातून हळूहळू मागे सरकत खडकापाशी गेला.

"बाई, उठा."

"जेवते आहे मी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "उठले तर मोडेल."

"बाई, ऐका माझं…"

"उभे राहा तुम्ही. बोलू नका."

तो उभा राहिला. ठसा ज्या गवताकडे वळला होता तिकडे तोंड करून, हँडल छातीशी धरून. झाडावर वानरं खाकरायला लागली. मागे बाईंच्या बांगड्या मधूनच वाजत आणि थांबत. ऊन खडकावरून सरकलं. त्याने गवतावरची नजर काढली नाही.

"सुपडू!" वरून शेठची हाक आली, चांगली खणखणीत. "वानरं बघ केवढी! एकदम काय झालं यांना?"

कुठेतरी पाचोळा वाजला. मग काहीच वाजलं नाही. बऱ्याच वेळाने चंदनबाईंनी मान लववली आणि त्या उठल्या.

गाडी सेंधव्याला पोचेपर्यंत शेठ कुरकुरत होते. "चार दिवस झाले. वानरांशिवाय काही नाही!"

धर्मशाळेपाशी ते खोलीची चौकशी करायला आत गेले. सुपडूने मागचं दार उघडलं. चंदनबाई उतरल्या, पण त्यांची उजवी मूठ मिटलेलीच होती. दुसऱ्या हाताने त्यांनी एकेक बोट सोडवलं. आत पुरीचा लगदा झाला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"तुमच्या आधी. तुम्ही गवताकडे बघत होतात. ते समोरच्या काठावर बसलं होतं, तुमच्या पाठीशी." त्या थांबल्या. "तुम्ही उठा म्हणालात, तेव्हा ते उठून उभं राहिलं होतं. यांना सांगू नका. सकाळी परत न्यायला लावतील."

त्या पायऱ्या चढून गेल्या. गाडीचं दार उघडंच होतं. ते लावायचं तर रस्त्याकडे पाठ करावी लागणार होती. सुपडू दाराला पाठ लावून तसाच उभा राहिला.