दाजींचं ताकदीचं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नवऱ्याने जन्मात एक धंदा धड केला नाही, पण प्रत्येक धंद्याआधी नवा सफारी सूट मात्र शिवून घेतला. आधी भिंतीवरची घड्याळं विकली, मग केळीचे वेफर्स. नव्वद सालाच्या आसपास त्याने जळगावला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताकदीचं पेय बनवायला घेतलं. तपकिरी पाणी, सोड्याच्या जुन्या बाटल्या, वर उधळलेल्या घोड्याचं चित्र आणि खाली ‘शक्ती, स्फूर्ती, बुद्धी’. बुद्धीचा त्याचा काय संबंध, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. तो जावई होता. मीही तोंडावर त्याला ‘दाजी’ आणि ‘तुम्ही’च म्हणत असे.

मी तेव्हा देवपूरच्या एका कॉलेजात शिकत होते आणि मुलींच्या कबड्डी संघात होते. चाळीसगावला सामने होते. आदल्या दिवशी दाजी बाटल्यांचे दोन क्रेट घेऊन मैदानावर हजर झाला. कबड्डीच्या सरांना म्हणाला, “घरचीच पोरगी खेळतेय, एवढं तर करायलाच हवं. फक्त जिंकल्यावर बाटली हातात धरून फोटो काढा.” आमच्या सरांना फुकटाचं काहीही पवित्र वाटायचं. त्यांनी क्रेट ठेवून घेतले.

“दाजी, यात आहे काय?” मी विचारलं.

“वनस्पती,” तो म्हणाला.

“कुठल्या?”

“सगळ्या.”

आमच्या संघातली सर्वांत चांगली चढाई करणारी मुलगी नरडाण्याजवळच्या खेड्यातली होती, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला सामन्याच्या दिवशी चतुर्थीचा उपास होता. रिकाम्या पोटी, डोक्यावर ऊन, आणि सर म्हणाले, “उपासाला चालतं, वनस्पतीच आहेत.” मी एक घोट घेऊन थुंकला, कडू कारलं होतं ते. तिच्या घशाला कोरड पडली होती. तिने एक बाटली संपवली, मग दुसरी.

पहिल्या दोन चढायांत ती विजेसारखी गेली. दाजी मैदानाबाहेर टाळ्या पिटत होता आणि शेजारच्या लोकांना बाटली दाखवत होता. तिसऱ्या चढाईला ती मध्यरेषेवरच थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, “मन्ही छाती धडधड करी राह्यनी. मना हात दख.” हात पिंपळपानासारखे हलत होते. मग तिला ओकारी झाली आणि ती खाली बसली ती उठलीच नाही.

आम्ही तिला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली, बाटली मागितली, वास घेतला, उलटीपालटी करून लेबल वाचलं. “यात काय घातलंय ते कुठेच लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “लक्षणं कॅफिनची दिसतायत. चहा-कॉफीत असतं तेच, पण कपभर चहा पिणं वेगळं आणि हे वेगळं. किती घातलंय ते बनवणाऱ्याला तरी माहीत आहे का?”

बनवणारा तोवर क्रेटसकट पसार झाला होता.

संध्याकाळपर्यंत ती नीट शुद्धीवर आली, ठोके उतरले. वाचली.

पुढच्या रविवारी दाजी अक्काला घेऊन आमच्याकडे जेवायला आला. आईने खापरावरचे मांडे केले होते. जणू काही झालंच नाही अशा थाटात तो पाटावर बसला. मैत्रिणीची चौकशी त्याने एका वाक्यात उरकली, “पोरगी मुळातच नाजूक असेल.”

मी माझ्या बॅगेत राहिलेली बाटली आणली आणि पेल्यात ओतून त्याच्या ताटाशी ठेवली. “दाजी, घ्या ना.”

“मला बीपी आहे,” तो म्हणाला.

आमचे वडील, आबा, माझ्यावर खेकसले, “घरना जवाई शेतस त्या!” जावई कसाही असला तरी त्यांच्या लेखी जावईच.

तेवढ्यात अक्का बोलली. आवाज न चढवता, तूप वाढता वाढता. “वनस्पती कसल्या? मीच उकळते ते. चहाची भुकटी, करपवलेली साखर आणि इंदूरहून आणलेली पांढरी पावडर. पावडर घालायला आमसुलाच्या डब्यातला चमचा. कधी दोन, कधी चार, यांच्या मनाला येईल तसं. फार कडू लागलं तर साखर वाढवायची. आता मी उकळणार नाही.”

दाजीने मान वर केली नाही. दुसरा मांडा मात्र घेतला.

अक्काने खरंच शेडकडे पाठ फिरवली. दाजीने स्वतः शेगडीजवळ उभं राहायचं म्हणजे सफारीला डाग पडणार, म्हणून धंदा महिन्याभरात आपोआप बसला. मग त्याने कुठल्याशा गादीची एजन्सी घेतली, आणि तिथेही लोकांना झोपेचे फायदे सांगत फिरला.

माझी मैत्रीण कॉलेजात परत आली नाही. मी तिच्या गावी गेले, तर तिचे वडील ओट्यावर बसले होते. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “बस झाया खेळ. पोरले काही व्हई जातं तं?” त्या बाटल्या आणणारा माणूस आमचाच होता.

ती मला एसटीपर्यंत सोडायला आली. तब्येत चांगली दिसत होती, हातही स्थिर होते. गाडी सुटताना खिडकीशी येऊन तिने विचारलं, “मना जागावर कोन खेळस आते?”

मी सांगितलं. तिने मान हलवली. “ती डावीकडे फार झुकस. तिले सांग,” ती म्हणाली.