चुन्याच्या खाली

चित्रातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि तीही वाणिज्य शाखेची. शाळेत मी सफरचंद काढलं की बाई ते टोमॅटो समजून मार्क द्यायच्या. त्यामुळे मी एका जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या मागे लागेन असं कुणी म्हटलं असतं तर मीच पहिली हसले असते.

निमित्त नोकरीचं झालं. मी सीमाशुल्क खात्यात आहे. बदली होऊन कोलकात्याला आले ती खिदिरपूरच्या गोदीवर. आलेला माल उघडून बघायचा आणि कागदावर लिहिलंय तेच आत आहे का ते ठरवायचं, हे माझं काम. एकदा चौकटी लावलेल्या चित्रांची खोकी आली. कागदावर ‘छापील’ असं लिहिलेलं, पण वरून बोट फिरवलं की रंगाचे उंचवटे लागत होते. हाताने रंगवलेल्याला नियम वेगळा, छापलेल्याला वेगळा. म्हणून मूळ चित्र कसं आहे ते शोधायला बसले, तर ते परदेशातल्या एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सापडलं. माल छापीलच निघाला. सगळ्या प्रतींवर उंचवटे अगदी एकाच जागी होते, माणसाच्या हातून असं होत नाही. काम दहा मिनिटांत संपलं, पण चित्र मी बंद केलं नाही.

चित्रात एक खोली आहे. खिडकीपाशी एक बाई शिवत बसली आहे, आणि तिच्यामागे नुसती पांढरी भिंत. अर्ध्याच्या वर चित्र भिंतीनंच खाल्लंय. त्या संकेतस्थळावर चित्र मोठं मोठं करत जाता येतं, अगदी ब्रशाचा केस कुठून गेला ते दिसेपर्यंत. मी भिंत मोठी केली, तर तिच्यात पांढरा कुठंच नव्हता. फिकट निळ्याला चिकटून गुलाबी, त्याच्याजवळ लोण्यासारखा पिवळा, सावलीत जांभळा आणि हिरवट. काळा तर औषधालाही नाही. परत लहान केलं की भिंत पांढरी, आणि वेळ दुपारची.

तो निळा मी ओळखला. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, लोकांच्या घरांना चुना मारायचे. मिरजेजवळच्या आमच्या गावात दिवाळीआधीचे दोन महिने त्यांना जेवायला सवड नसायची. आई चुना विझवायची, गाळायची आणि शेवटी त्यात नीळ घालायची. “नुसता चुना मेलेला दिसतो,” अण्णा म्हणायचे, “नीळ पडली की भिंत जिवंत होते.” मी कॉलेजात असताना मैत्रिणींना वडील ‘रंगाचं काम घेतात’ असं सांगायचे. खोटं नव्हतं ते. पण जसं सांगायला हवं होतं तसंही नव्हतं.

मग मला नादच लागला. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि चित्र दुसऱ्या हाताला. त्या चित्रकाराच्या जोडीच्या लोकांबद्दल वाचलं, की ते रंग ताटलीत कालवत बसत नसत, एकाला एक लावून ठेवत आणि कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडत. सावलीलाही तिचा रंग असतो असं ते मानत. हे सगळं अण्णांना सांगावंसं वाटायचं. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली होती.

पण एक गोष्ट मी करत नव्हते, आणि ती करत नाही हे मला माहीत होतं. भिंतीचा उजवीकडचा, खालचा भाग मी कधी मोठा केला नाही. तिथं नजर गेली की मी पान सरकवायचे.

आमच्या गावच्या घरातही मागच्या खोलीत उजवीकडं, मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात, जमिनीपासून दोनेक फुटांवर तेलाचा एक डाग आहे. तळहाताएवढा. तो माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्याचा आहे. ती आठ वर्षांची होती. तेव्हा मी सातवीत होते आणि शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली होती. तिला ताप होता. आई थंडावा म्हणून तिच्या टाळूवर तेल थापायची. दुपारी मी पुस्तक घेऊन बसले की ती यायची आणि माझ्या पाठीला डोकं टेकायची. डोकं तव्यासारखं तापलेलं. मी म्हटलं, “माझ्या अंगाला नको गं टेकू, अभ्यास होत नाही. भिंतीला टेक.” ती गेली. चार दुपारी ती तिथंच बसली होती, काही न बोलता. पाचव्या दिवशी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

मला शिष्यवृत्ती मिळाली. पुढचं सगळं त्यानंतरचं.

अण्णांनी त्या दिवाळीला घराला चुना मारला, आणि पंधरा दिवसांत डाग वर आला. पुढच्या वर्षीही आला. चुन्याखालून तेल येतंच. मी सुट्टीला घरी गेले की त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायचे. पाठीला ऊब लागल्यासारखं वाटायचं, मग जागा बदलायचे.

गेल्या नोव्हेंबरात भावाचा फोन आला. तो गावच्याच घरात राहतो. बहीण गेली तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. “ताई, घर रंगवायला काढलंय. मागच्या खोलीत तो डाग आहे ना, त्याच्यावर दोनदा पुट्टी मारली, तरी वर येतोय. गवंडी म्हणतो तेवढा गिलावाच खरवडू. सोमवारी येतोय. घर आईच्या नावावर आहे म्हणून विचारतो.”

“खरवड की,” मी म्हटलं. “त्यात आईला काय विचारायचं?”

इतक्या पटकन बोलले की फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. आई तेव्हा माझ्याकडेच होती, आतल्या खोलीत लसूण सोलत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

ती शनिवारची गोष्ट. रविवारी साडेचारच्या सुमारास मी सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसले होते. आई शेजारी येऊन बसली.

“शेजारचीनं माशाचं कालवण आणलं होतं,” ती म्हणाली. “मी मासा खात नाही म्हणून हात जोडले. तिला वाटलं मी आजारी आहे. आता ती औषध आणणार बघ.” मग पडद्यावर नजर गेली. “काय बघतेस?”

“चित्र आहे. भारी चित्रकार होता.”

आईनं चष्मा नाकावर ढकलला. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण भिंत बघायची तर डॉक्टरनं नाडी बघावी तशी बघते. “भिंत चांगली आहे. नीळ जरा जास्त झालीय.”

“आई, ते शंभर वर्षांहून जुनं चित्र आहे.”

“असेल. जास्त ते जास्तच.” मग तिनं बोट ठेवलं ते नेमकं उजवीकडे खाली. “हे मोठं कर.”

मी केलं. करावंच लागलं.

“इथं हात बदललाय,” ती म्हणाली. “बाकी सगळा हात उभा आडवा आहे. इथं गोल गोल फिरलाय, नि रंगही जाड बसलाय. खाली काहीतरी होतं. झाकलंय.”

मी हसणार होते. पण त्या पानावर खाली एक खूण होती, क्ष-किरणानं काढलेला फोटो बघण्याची, आणि तिला मी कधी हात लावला नव्हता. लावला. चित्र करडं झालं आणि आई म्हणाली तिथंच, भिंतीच्या आत, जमिनीवर बसलेलं कुणीतरी दिसलं. लहान अंगाचं. डोकं मागे टेकलेलं, चेहरा नाहीच. खाली दोन ओळी होत्या, की चित्रकारानं आधी इथं दुसरी एक व्यक्ती रंगवली होती आणि नंतर तिच्यावरून भिंत ओढली. ती कोण, का झाकली, माहीत नाही.

आईनं चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाली, “ह्यांचा हात त्या कोपऱ्यात असाच फिरायचा.”

आम्ही दोघी त्या कोपऱ्याबद्दल आजवर एक अक्षर बोललो नव्हतो.

आता न सांगून चालणार नव्हतं. “तो उद्या गिलावा खरवडणार आहे तिथला,” मी म्हटलं. “मला विचारलं त्यानं. मी हो म्हटलं.”

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. “फोन लाव त्याला. तोंड दिसतं तसला.”

इथं नोव्हेंबरात पाच वाजता दिवे लागतात, गावाकडं तासभर उशिरा. आम्ही अंधारात बसलो होतो आणि फोनमध्ये गावाकडचं लख्ख ऊन होतं. मागचं दार उघडं, तीन भिंती पांढऱ्याफटक, आणि चौथीवर दारातून आलेला उन्हाचा तिरपा तुकडा. भावानं फोन कोपऱ्याकडे धरला. मी पहिल्यांदा तो डाग नीट बघितला. मी समजत होते तसा तो मळकट नव्हता. मध्ये मधासारखा, कडेला हिरवट, आणि पुट्टी सुटली होती तिथं खालच्या जुन्या चुन्याचा निळा.

“बघ, कसा पसरलाय,” भाऊ म्हणाला. “अण्णांनासुद्धा जमलं नाही.”

“कोण म्हणतं जमलं नाही?” आई म्हणाली. “डॉक्टरच्या दवाखान्यात बाकामागं तेलाचा हातभर पट्टा होता. ह्यांनी एका दिवसात घालवला. आधी लाख मारायची, म्हणजे तेल आतच अडतं, मग चुना. घरी लाख आणलीच नाही त्यांनी.”

“का?” भावानं विचारलं.

तेव्हा मी सांगितलं. डाग कुणाचा ते, आणि तिला तिथं मी बसवलं ते. वाक्यं बरोबर आली, आवाज मात्र परक्या बाईचा वाटत होता. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“आधी माझ्याकडं आली होती ती,” ती म्हणाली. “ह्याला पाजत होते मांडीवर. मी म्हटलं, ताईकडं जा.”

फोनमधला उन्हाचा तुकडा थोडा हलला. भाऊ गोंधळला की नाकानं श्वास घेतो, तो आवाज ऐकू आला.

“मग गवंड्याला काय सांगू?”

“चहा दे, नि तेवढं सोडून बाकीचं कर म्हण,” आई म्हणाली.

“परत वर येईल आई तो. सगळ्या नव्या रंगात एकटाच दिसेल.”

“दिसू दे.”

मला डाग जायला हवा होता, आणि तो राहिला म्हणून बरंही वाटत होतं. यातलं खरं कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

भावानं फोन ठेवला नाही. त्याचा मोकळा हात चित्रात आला, पुट्टीनं पांढरा झालेला. त्यानं तळवा डागावर ठेवला. बरोबर मावला.

“गरम लागतंय गं,” तो म्हणाला.

“ऊन आहे ना तिथं,” मी म्हटलं.

आईनं पडद्यावरच त्याच्या हातावर बोट ठेवलं.